सोबतीची कळ

कुरकुंभ,
१२ ऑगस्ट २००२

पिंके,

खुर्चीवर बसून लिहितेय. माझ्या स्वतःच्या खुर्चीवर. पॅकिंगला दोन वर्षं आठ-आठ तास उभी होते, तेव्हा घरी गेल्यावर आई टाचांना तेल चोळायची. आता ती विचारते, "दिसभर करतीस तरी काय गं?" मी म्हणते, "उंदरं बघते." ती म्हणते, "आन् त्येचा पगार देत्यात?" शेजारच्या झुंबरबाईला तिनं सांगून टाकलंय की पोरगी कंपनीत टीव्ही बघायला हाय.

तसं ते खरंच आहे म्हणा. सकाळी दोन-दोन उंदीर काचेच्या पेटीत सोडायचे. वर कॅमेरा. दहा मिनिटं झाली की उचलायचे, दुसरी जोडी सोडायची. दुपारी त्याच कॅसेट लावून ते एकमेकांशी कसे वागतात ते बघत कॉम्प्युटरची बटणं दाबायची. तू पाठवलेल्या कागदावर लिहिलंय, "हुंगणे – पहिली कळ. मागे जाणे – दुसरी कळ. भांडणे – तिसरी कळ. सोबत – चौथी कळ." मी शंकररावांना, म्हणजे आमच्या ॲनिमल हाउसच्या सुपरवायझरना, ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडमना सांगा, आमच्याकडं कळ बाळंतपणात येती."

एक सांगू का? हसू नकोस. शंकरराव म्हणाले, काम संपल्यावर छापील रिपोर्ट होतो आणि त्याच्या शेवटच्या पानावर बघणाऱ्याचं नाव असतं. 'निरीक्षक' असं लिहून पुढं नाव. आमच्या घरात आजवर छापलेलं नाव म्हणजे लग्नपत्रिकेतलं, तेही आबांचं, कुणाचे तरी मामा म्हणून. नाव लागलं की मी निरीक्षक म्हणून पर्मनंट. नाही लागलं तर परत पॅकिंग. तू माझ्यासाठी शब्द टाकलास, तो मी खाली पडू देणार नाही.

फोन शंकररावांच्या टेबलावर आहे, तिथून तुझ्याशी काय बोलणार? म्हणून ही चिठ्ठी कॅसेटच्या खोक्यात घालतेय. बन्सीभाऊ दर मंगळवारी गाडी घेऊन सणसवाडीला येतातच.

तुझी
रुपाली


सणसवाडी,
१६ ऑगस्ट

रुपे,

'कळ' माझी नाही, साहेबांची. त्यांनी शब्दकोश उघडून काढली. मी हसले तर म्हणाले, "मराठी माणसाला मराठीचं हसू येतं."

तुझी चिठ्ठी खोक्यात बघून मला शाळेत दप्तरात लपवायचो त्या चिठ्ठ्यांची आठवण झाली. आता तुला नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल नुसता टीव्हीच आहे. हे औषध माणसं टाळणाऱ्या, चारचौघांत घाबरणाऱ्या लोकांसाठी आहे. ते दिल्यावर उंदीर एकमेकांत जास्त मिसळतात का, ते बघायचंय. तुझ्या कॅसेट इथं माझा कॉम्प्युटरही बघतो. पण त्याला उंदीर दिसत नाही. काळ्या फरशीवर पांढरा ठिपका दिसतो. दोन ठिपके दोन बोटांच्या अंतरात आले आणि तीन सेकंद तिथंच राहिले की तो 'सोबत' म्हणून मोजतो. त्याची उत्तरं तुझ्या नोंदींशी ताडून बघायची. जुळली की पुढची सगळी कामं त्याच्यावर. हा प्रोग्रॅम कंपनीनं माझ्या सांगण्यावरून आणलाय, त्यामुळं माझीही परीक्षाच आहे. नाही जुळलं तर मी यवतला परत, आप्पांच्या शेवंतीच्या रानात.

नियम एकच. कुणाला औषध टोचलं आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी, हे तुला कळता कामा नये. ते फक्त टोचणाऱ्या डॉक्टरांना माहीत.

आणि मी शब्द टाकला तो मैत्रीखातर नाही हो. तुमची मेंढरं आमच्या रानात खताला बसायची तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. दोनशे मेंढरांत एक कोकरू नाही, हे तू न मोजता सांगितलंस. आप्पा अजून पाहुण्यांना सांगतात. साहेबांना मी एवढंच म्हणाले, की माझ्याकडं डोळे असलेली मुलगी आहे.

पिंकी


कुरकुंभ,
९ सप्टेंबर

पिंके,

एक घोटाळा झालाय. मी अजून कुणाला सांगितलं नाही, आधी तुला विचारते.

परवा दुसरी फेरी सुरू झाली. पिंजऱ्यांवर नवीन कार्डं आली, उंदरांच्या शेपटीवरच्या मार्करच्या रेघाही नव्यानं काढल्या. पण कार्डं चुकीची लावलीत गं! आठ नंबरचा सहावर गेलाय. तीनचा अकरा झालाय. शंकररावांना वाटतं बाराही पांढरेच, कुणाला काय कळतंय. मला कळतं. आठच्या मिशा त्याच्या पिंजऱ्यातल्या दादानं कुरतडल्यात, डाव्या बाजूला तीनच उरल्यात. तीन नंबर वळताना आधी मान वळवतो, मग थांबतो, मग अंग. एकाच्या शेपटीला टोकाशी गाठ आहे. उरलेल्यांचं काय सांगू, चेहरे आहेत. तुला तुझ्या गल्लीतली माणसं कशी कळतात?

आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "दुसऱ्याच्या वाड्यात गेल्यालं मेंढरू ज्याचं त्येला परत द्यावं. मुकाट्यानं द्यावं, बोभाटा करू नाई." म्हणून विचारते, कार्डं सरळ करून ठेवू का? माझ्या हातानं पाच मिनिटांचं काम आहे.

रुपाली


सणसवाडी,
१३ सप्टेंबर

रुपे,

अजिबात हात लावू नकोस!

कार्डं मुद्दाम बदललीत. पहिल्या फेरीत एखाद्या उंदराविषयी तुझं काही मत झालं असेल, तर ते दुसऱ्या फेरीत येऊ नये म्हणून. बघणारा सगळ्यांना नवीन समजून बघतो. म्हणजे, तसं समजायचं असतं. तुझ्यासारखी कुणी असेल असं नियम लिहिणाऱ्याला वाटलं नसणार.

मी पत्र दोनदा वाचलं आणि एकटीच हसले. बाराही ओळखतेस? खरंच?

पण हे तुझ्यामाझ्यात राहू दे. शंकररावांना नाही, डॉक्टरांना नाही. कुणाला औषध दिलंय ते तर तुला माहीत नाहीच, मग बिघडलं कुठं? तू जे दिसतं ते दाब. दिवाळीनंतर तुझ्या पर्मनंटचा कागद निघेल. मी साहेबांना आठवण केलीय.

पिंकी


कुरकुंभ,
३० सप्टेंबर

पिंके,

तू सांगितलंस तसं कुणाजवळ बोलले नाही. मला नियम मोडल्यासारखं वाटत होतं, पण तू म्हणतेस तर ठीक.

आज वेगळंच आहे. मागच्या आठवड्याचा तुमच्या कॉम्प्युटरचा तक्ता बन्सीभाऊंनी शंकररावांना आणून दिला, तो मी चोरून बघितला. काही जोड्यांपुढं 'सोबत' म्हणून सहा-सहा, सात-सात मिनिटं लिहिलीत. दहातली सात! त्याच जोड्यांना मी चौथी कळ दोनदासुद्धा दाबलेली नाही. मी दचकले. रविवारी येऊन तुमच्याकडून परत आलेल्या सगळ्या कॅसेट पुन्हा लावल्या.

पिंके, ते सोबत नाहीत गं. ते कोपऱ्यात दबलेत. अंगावरचे केस उभे, पाठ वर काढलेली, डोळे अर्धे मिटलेले. एक दुसऱ्याच्या पोटाखाली घुसतोय आणि तो दुसरा हलतही नाही. हुंगणं नाही, खेळ नाही. चांगल्या जोड्या बघ, हुंगतात, लांब जातात, पेटीचा दुसरा कोपरा बघून येतात, परत हुंगतात. त्यांची मिनिटं कमीच भरणार, कारण त्यांना जायला भीती नाही.

तू मेंढरांत वाढली नाहीस, पण आमच्या वाड्यावर झोपली आहेस. तुला आठवत नसेल, मी सांगते. लांडग्याचा वास आला की मेंढरं चिकटतात. इतकी, की मधलं एखादं गुदमरतं. सुखाची मेंढरं पांगलेली असतात. आबा लांबून कळप बघून सांगायचे, "पांगल्यात, म्हंजी निवांत हाईत." तुमच्या कॉम्प्युटरला चिकटलेलं सगळंच सोबत वाटतं.

यातल्या कुणाला औषध दिलंय, मला माहीत नाही. पण ज्यांना काय दिलंय ते दिलंय, त्यांना ते सोसत नाही. माणसांना देणार आहात ना हे? भ्यालेल्यासाठी माझ्याकडं कळ नाही, म्हणून मी वहीत लिहून ठेवलंय: 'चिकटले. भ्याले.' वेळासकट. वही खोक्यात घालतेय, बघ.

रुपाली


सणसवाडी,
४ ऑक्टोबर

रुपाली,

वही मिळाली. तू रविवारी येऊन काम केलंस, त्याबद्दल साहेबांना सांगेन.

हे बघ, दोन बोटांचं अंतर आणि तीन सेकंद हे मी ठरवलेलं नाही. सगळीकडं तसंच मोजतात. अदलाबदल करून केलेल्या बारा जोड्यांत फक्त पाच जोड्यांचं तुझं आणि मशीनचं जुळत नाही. त्या पाच तू शांतपणे पुन्हा बघशील का? जिथं जवळ बसलेत तिथं चौथी कळ दाबून टाक. भ्याले की काय ते आपल्याला मोजायचं नाही. 'सोबत' म्हणजे जवळ, एवढाच अर्थ घे. पंधरा तारखेला बाहेरचे लोक येणार आहेत, त्यांच्यासमोर मला हे मांडायचंय.

तू थकली असशील. माझीही झोप झालेली नाही. राग मानू नकोस.

पिंकी


कुरकुंभ,
७ ऑक्टोबर

पिंके,

राग कसला? पाचही पुन्हा बघितल्या. तू म्हणालीस म्हणून सकाळी, डोळे ताजे असताना बघितल्या. चौथ्या कळीवर बोट ठेवूनच बसले होते. दाबवलं नाही.

खाली माझं नाव येणार आहे ना. त्यात खोटं कसं घालू?

तू स्वतः एकदा बघ. कॉम्प्युटरला बघू देऊ नकोस, तू बघ. सहा नंबरच्या उंदराची जोडी, तिसऱ्या मिनिटापासून. मग सांग.

रुपाली


कुरकुंभ,
२१ ऑक्टोबर

पिंके,

दोन मंगळवार गेले, तुझी चिठ्ठी नाही. पाहुणे येऊन गेले असतील. हे पोस्टानं पाठवतेय, का ते पुढं वाच. वाचून घाबरू नकोस.

शुक्रवारी तुमचे मोठे साहेब इकडं आले. मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पत्र होतं. ९ सप्टेंबरचं. झेरॉक्स नाही गं, तेच, निळ्या शाईचं. आठच्या मिशा, तीनची मान, सगळं. साहेब म्हणाले, "हे अक्षर तुझंच का?" मी हो म्हणाले. "मॅडमना हे माहीत होतं का?" मी म्हणाले, "त्यांनी वाचलंसुद्धा नसंल साहेब, त्या कामात असत्यात."

तुझ्या खणातून कुणीतरी चोरलंय. तुझ्याविरुद्ध कुणी आहे का तिथं? नीट बघ. तुझं १३ तारखेचं उत्तर माझ्याकडं आहे. पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीत ठेवलंय. कुणाच्या हाती लागणार नाही. तू काळजी करू नकोस.

मला आधी बन्सीभाऊंचाच संशय आला. खोकं त्यांच्याच हातात असतं. मी गेटवर चारचौघांत विचारलं. त्यांचा चेहराच उतरला. "ताई, आठ वरसं गाडीवर हाय. तुमच्या खोक्याची दोरीबी मी कवा सैल केली न्हाई." तरी मी शंकररावांना सांगितलं. त्यांना सणसवाडीच्या गाडीवरून काढून सोलापूरच्या फेरीला टाकलं. सोलापूरला गेलं की रात्रभर घर नाही. त्यांची बायको चांगुणा माझ्याशी बोलत नाही.

आता खरं अडलंय ते सांगते. येत्या सोमवारी चार वाजता परीक्षा आहे. बाराही उंदरांच्या शेपटीच्या रेघा पुसून टेबलावर ठेवणार आणि मला विचारणार, कोण कुठला. मी ओळखले, तर मी सगळ्यांना नवीन समजून बघितलं नाही असं ठरतं. माझ्या सगळ्या नोंदी बाद, मशीनचं उत्तर राहतं. मी ओळखलं नाही, तर पत्र म्हणजे मैत्रिणीपाशी मारलेली फुशारकी, एवढंच. मग माझ्या नोंदी राहतात. वहीतलं 'भ्याले' राहतं. नाव राहतं.

म्हणजे खोटं बोलले तर माझं खरं टिकतंय. आई म्हणते, "म्हन की न्हाई वळखत. काय जातंय?" तू शिकलेली आहेस. तू म्हणशील तसं करते.

रुपाली


सणसवाडी,
२४ ऑक्टोबर

रुपाली,

खरं सांग. ओळखतेस तर ओळखते म्हण. तुझ्यासारख्या मुलीनं खोटं बोलू नये.

घाईत आहे.

पिंकी


कुरकुंभ,
१२ नोव्हेंबर २००२

मॅडम,

दिवाळी झाली. तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. टेबलावर बारा डबे मांडले होते. मोठे साहेब, डॉक्टर आणि शंकरराव खुर्च्यांवर बसले होते. शंकरराव माझ्याकडं बघून हळूच मान हलवत होते, नको नको म्हणून. त्यांना वाटत होतं मी न ओळखावं. साहेबांनी पहिला डबा पुढं केला. "हा?" मी म्हणाले, "आधीचा आठ, नंतरचा सहा." डॉक्टरांनी कागदात बघून मान डोलावली. "हा?" "तीन. अकरा." एकामागून एक अकरा झाले. बारावा मी हातात घेतला, उलटा करून बघितला आणि परत ठेवला. "हा आपला न्हाई साहेब. हा आजच आणलाय." डॉक्टर खुर्चीतून उठले. तो खरंच बाहेरचा होता. मला फसवायला ठेवला होता.

साहेब मनापासून खूश झाले. टाळी वाजवली हो त्यांनी. म्हणाले, "कमाल आहे पोरी! मॅडमनी स्वतः तुझं पत्र आणून दिलं तेव्हा मला पटलं नव्हतं. मी म्हटलं, ही थाप आहे. त्या म्हणाल्या, थाप नाही, लहानपणापासून बघतेय मी तिला, तिच्या नोंदी धरता येणार नाहीत."

ते माझं कौतुक करत होते. त्यांना कसं कळावं की त्यांनी काय सांगितलं ते?

मी उंदीर डब्यात घालत उभी राहिले. मला वाटलं होतं तुमचा खण कुणी फोडला. मी तुमच्यासाठी साहेबांसमोर खोटं बोलले होते, आणि ते खोटं आहे हे साहेबांना तेव्हाच माहीत होतं. 'खरं सांग' हे तुमचं पत्र मी शनिवारी तीनदा वाचलं होतं. आईला म्हणाले होते, बघ, पिंकी कशी सरळ आहे.

शंकररावांनी नंतर एक गोष्ट सांगितली, ती त्यांनी सांगितली नसती तर बरं झालं असतं. तुम्ही नऊ-दहा ऑक्टोबरला सहा नंबरच्या उंदराच्या जोडीची कॅसेट वेगळी मागवून घेतली होती. रजिस्टरला तुमच्या सहीची चिठ्ठी लावलेली आहे. म्हणजे मी बघा म्हणाले आणि तुम्ही बघितलंत. बघितल्यावर मग पत्र साहेबांकडं नेलंत. बघितलं नसतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं. मशीनवर विश्वास ठेवला, चुकलं, असं म्हटलं असतं.

रिपोर्ट इकडं आलाय. औषधानं सोबत दुप्पट वाढली असं त्यात आहे. शेवटच्या पानावर 'निरीक्षण' लिहून पुढं तुमच्या प्रोग्रॅमचं नाव आहे, इंग्रजीत. माझ्या वहीचा उल्लेख कुठंच नाही. मी सोमवारपासून पॅकिंगला आहे.

तुमचं १३ सप्टेंबरचं पत्र अजून माझ्याकडं आहे. आई म्हणते, साहेबाला ने आन् दाव, तिलाबी कळू दे. न्यायला बसचं तिकीटही लागणार नाही, साहेब गुरुवारी इथंच येतात. ते मी नेणार नाही. पण तुम्हाला परतही देणार नाही. ज्यानं लिहिलंय त्याला ते आठवत राहावं म्हणून राहू दे.

काल बन्सीभाऊंच्या घरी गेले होते. शंकररावांना सांगून त्यांना सणसवाडीची गाडी परत मिळवून दिलीय, पण ते सांगणं वेगळं आणि दारात जाऊन उभं राहणं वेगळं. चांगुणानं बस म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच वाकून भाऊंच्या पायाला हात लावला. ते मागं सरले, "आगं आगं, पोरी, ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, "भाऊ, तुमी खोकं उघडलं न्हवतं. माझीच चूक झाली."

"ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "पर मंग साहेबाला कागुद दिला कुनी? तुमच्या वळखीचंच कुनीतरी आसंल."

साहेबासमोर बारा डबे मांडलेले असताना जे मला म्हणता आलं नाही, ते तिथं सहज तोंडून गेलं.

"न्हाई भाऊ," मी म्हणाले, "मी न्हाई वळखत त्येंना."

रुपाली म्हस्कू